विमाने उडून गेली, गाव राहिले

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. आदल्या रात्री आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद चालला होता. बरोबर काय न्यायचे? शाळेच्या इमारतीत जायला सांगितले होते. सातबाऱ्याचे उतारे, आईची औषधे, टॉर्च, सुकी पोळी, बँकेची पुस्तके असे एका पिशवीत भरून झाले. शेवटी बायकोने विचारले, “आणि वाडी?” वाडी कुठे नेणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे सुखरूप होतो आणि वाडी आडवी झाली होती. पोफळीला सुपारी धरायला सात-आठ वर्षे लागतात. माझे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेले.

त्यानंतर माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. आपण गावकरी माणसे. आपली तयारी ऐनवेळची, निम्मी देवावर सोडलेली. पण ज्यांच्याकडे शिस्त आहे, हुकूम आहे, गाड्या, डिझेल आणि स्वतःचे हवामान कार्यालयसुद्धा आहे, त्यांची तयारी कशी असते? म्हणजे लष्करी तळांची. तयारीने वाचणे शक्य असेल, तर ते तिथेच शक्य असायला हवे. इतिहासाचे शिक्षण मी घेतलेले नाही. मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या होमस्टेड या हवाई तळापाशी येऊन थांबलो. सत्तेचाळीस वर्षांच्या अंतराने हा तळ दोन वादळांत मोडला. दोन्ही वेळा तयारी झाली होती. ती कशाची झाली होती, हे पाहण्यासारखे आहे.

खबर दाबून ठेवण्याचे दिवस

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिक महासागरात हरिकेन आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात. उपग्रह येण्यापूर्वी हरिकेनची खबर मुख्यतः समुद्रातल्या जहाजांकडून येई. दुसऱ्या महायुद्धात तीही बंद पडली. मेक्सिकोच्या आखातात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या, म्हणून जहाजांना रेडिओवर बोलायला मनाई होती. हवामानाची माहिती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इशाऱ्यांवरही नियंत्रण होते. २७ जुलै १९४३ रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावर एक हरिकेन धडकले. लोकांना पुरेशी पूर्वसूचना नव्हती. १९ माणसे मेली. इतिहासात ते ‘अचानक आलेले हरिकेन’ म्हणून ओळखले जाते. वादळ अचानक आले नव्हते. लोकांना ते अचानक कळले.

त्याच दिवशी टेक्सासमधल्या ब्रायन फील्ड या लष्करी विमानतळावर एक वेगळीच गोष्ट घडली. कर्नल जोसेफ डकवर्थ तिथे वैमानिकांना केवळ उपकरणांच्या आधारे उडायला शिकवत. वादळ येणार म्हणून प्रशिक्षणाची विमाने दुसरीकडे हलवण्याचा विचार चालला होता. शिकायला आलेल्या ब्रिटिश वैमानिकांनी त्यावरून टर उडवली, असे सांगितले जाते. डकवर्थनी राल्फ ओ’हेअर या दिशादर्शकाला बरोबर घेतले आणि एका इंजिनाचे साधे प्रशिक्षण-विमान थेट वादळाच्या डोळ्यात नेऊन परत आणले. त्यानंतर हवामान अधिकाऱ्याला घेऊन ते पुन्हा गेले. वादळात शिरून त्याची मोजमापे घेणारी विमाने आज नेमाने उडतात, त्या परंपरेची सुरुवात इथून धरतात.

या हकिगतीतले धाडस सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. वादळ येणार म्हटल्यावर तळाला पहिला विचार सुचला तो विमाने हलवण्याचा. तोच विचार पुढे पाऊणशे वर्षे कायम राहिला.

निवारा म्हणून बांधलेले सरण

दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर १९४५ रोजी, दक्षिण फ्लोरिडावर एक जबरदस्त हरिकेन आले. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मायामीच्या दक्षिणेला नौदलाचा रिचमंड नावाचा तळ होता. पाणबुड्या शोधणारी ब्लिंप, म्हणजे हेलियमने भरलेली प्रचंड फुगेवजा हवाई जहाजे, तिथे असत. त्यांच्यासाठी तीन महाकाय हँगर बांधले होते. प्रत्येक हँगर हजार फुटांहून लांब. युद्धात पोलादाची टंचाई होती, म्हणून ते लाकडाचे.

वादळाचा इशारा या वेळी मिळाला होता. तयारीही झाली, आणि ती शहाणपणाची वाटावी अशीच होती. आजूबाजूच्या तळांवरची विमाने आणि खासगी मालकांची विमाने या मोठ्या हँगरांत आणून ठेवली. लोकांनी आपल्या मोटारीही आत लावल्या. एवढी भक्कम, एवढी मोठी जागा दुसरी कुठली? वादळात छपरे कोसळली, इंधन पेटले, आणि लाकडी हँगरांचे सरण झाले. २५ ब्लिंप, ३६६ विमाने आणि सुमारे १५० मोटारी जळून गेल्या. तळाच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आग विझवताना मरण पावला.

३६६ विमानांपैकी २१३ लष्कराची आणि १५३ नागरी होती. ही मोजदाद इतकी चोख का, याचा मी विचार करत राहिलो. विमानाला क्रमांक असतो, मालक असतो, विमा असतो. ते जळाले तरी कागदावर शिल्लक राहते.

रिचमंडच्या दक्षिणेला होमस्टेडचा लष्करी विमानतळ होता. युद्धात मोठ्या वाहतूक विमानांची पथके तिथे तयार केली जात. त्याच संध्याकाळी वादळ त्याच्यावरून गेले. सैनिकांच्या बराकी, परिचारिकांचे वसतिगृह, दुकान पडले. हँगरचे छप्पर उडाले. युद्ध संपलेले. एवढ्या तळांची आता गरज उरली नव्हती. डागडुजीचा खर्च कोणी करायचा? १४ डिसेंबर १९४५ रोजी तळ बंद झाला. तीन महिन्यांत सगळा खेळ आटोपला.

मोजलेले तास

१९५५ मध्ये शीतयुद्धाच्या काळात होमस्टेड पुन्हा सुरू झाला. या वेळी लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांसाठी. क्युबा तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून त्याचे महत्त्व वाढतच गेले. तळाबरोबर त्याच्याभोवतीचा संसारही वाढला. सैनिकांची कुटुंबे, तळावर काम करणारे नागरी कर्मचारी, त्यांना भाजीपाला विकणारे, त्यांच्या मोटारी दुरुस्त करणारे. शिवाय निवृत्त सैनिक. आपल्याकडे मिलिटरी कॅन्टीन आणि लष्करी दवाखाना जवळ पडावा म्हणून माजी सैनिक जसे छावणीच्या गावात घर करतात, तसेच तिथेही.

अमेरिकी तळांवर वादळाच्या तयारीची एक ठरलेली उतरंड असते. १ जूनला हंगाम सुरू होतो तेव्हा पाचव्या पायरीवर नुसती सज्जता असते. ५० नॉट, म्हणजे तासाला सुमारे ९३ किलोमीटर वेगाचे वारे ७२ तासांत येण्याची शक्यता दिसली की चौथी पायरी. ४८ तास उरले की तिसरी, २४ तास उरले की दुसरी, १२ तास उरले की पहिली. प्रत्येक पायरीला कामे नेमलेली असतात. मोकळ्यावरचे सामान आत घेणे, जनरेटर तपासणे, खिडक्यांना फळ्या ठोकणे, कोणती विमाने कोणत्या तळावर जाणार ते ठरवणे, कुटुंबांनी कोणत्या दिशेने निघायचे ते सांगणे. मागे राहणाऱ्यांची नावेही आधीच लिहिलेली असतात.

मला ही पद्धत मनापासून आवडली. भीतीला तासांत मोजून तिचे कामात रूपांतर करण्याची ही रीत आहे. घरी मीही पाच पायऱ्यांचा कागद भिंतीला लावला आहे. पण या पद्धतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक म्हणजे वादळ आपल्याला ७२ तास देईल. दुसरी म्हणजे ‘तळ’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.

शनिवार, रविवार, सोमवार

१९९२ चा हंगाम थंड चालला होता. ऑगस्टचा मध्य उजाडेपर्यंत एकाही वादळाला नाव मिळाले नव्हते. १७ ऑगस्टला ‘अँड्र्यू’ हे पहिले नाव पडले, आणि २० तारखेला ते वादळ जवळजवळ विरून गेले. १९६५ च्या ‘बेट्सी’नंतर मायामी परिसराला खरा मोठा तडाखा बसला नव्हता. म्हणजे एक अख्खी पिढी हरिकेन न पाहता मोठी झाली होती.

शनिवारी, २२ ऑगस्टला, अँड्र्यू हरिकेन झाले आणि त्याच दिवशी किनाऱ्याला सावधगिरीची सूचना निघाली. रविवारी सकाळी पक्का इशारा दिला गेला. सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास ते होमस्टेडजवळच्या किनाऱ्यावर पोचले. सगळी तयारी सुटीच्या दोन दिवसांत उरकायची होती.

तळाने ती केली. लढाऊ एफ-१६ विमाने दुसऱ्या तळांकडे उडून गेली. दुरुस्तीसाठी उघडलेली, उडण्याजोगी नसलेली विमाने तेवढी मागे राहिली. तळ रिकामा करण्याचा हुकूम निघाला आणि कुटुंबे उत्तरेच्या रस्त्याला लागली. त्या पहाटे वाऱ्याचा वेग तासाला सुमारे २६५ किलोमीटर होता. हरिकेनच्या पाच श्रेणींपैकी हे सर्वांत वरच्या श्रेणीचे वादळ होते, हे दहा वर्षांनी, २००२ मध्ये, फेरतपासणीनंतर अधिकृतपणे मान्य झाले. राष्ट्रीय हरिकेन केंद्र तेव्हा मायामीलगतच्या कोरल गेबल्समध्ये होते. त्याच्या गच्चीवरचे रडारच वाऱ्याने उखडून नेले. तळावरची इमारत अन् इमारत मोडली, पण तळ रिकामा होता म्हणून तिथे माणसांचा संहार झाला नाही. कागदावर पाहिले तर ही तयारी यशस्वी झाली.

रिचमंडची जी जमीन १९४५ मध्ये जळाली होती, तिथे आता मायामीचे प्राणिसंग्रहालय होते. त्यांच्याही तयारीचे एक छायाचित्र जगभर गाजले. पुरुषांच्या स्वच्छतागृहात दाटीवाटीने उभे केलेले रोहित पक्षी. ज्या जागी लाकडाच्या भव्य निवाऱ्याने विमानांचा घात केला होता, तिथे एका लहानशा पक्क्या खोलीने पक्षी वाचवले.

दाराबाहेर

तळाच्या दाराबाहेर काय झाले? होमस्टेड गावात मोबाइल होम, म्हणजे आणून ठेवायची हलकी पत्र्याची घरे, १,१७६ होती. त्यांतली १,१६७ पूर्ण नष्ट झाली. उरली नऊ. अख्ख्या डेड काउंटीत २५ हजारांहून अधिक घरे गेली आणि लाखभर घरांचे नुकसान झाले. अशा पत्र्याच्या घरांत कोण राहत होते? दक्षिण डेड हा शेतीचा मुलूख. टोमॅटो, वाल, लिंबाच्या बागा. त्यांत राबणारे मेक्सिकोचे, हैतीचे मजूर; बेताच्या निवृत्तिवेतनावर जगणारी म्हातारी माणसे.

डेड काउंटीत वादळाच्या थेट तडाख्याने १५ माणसे मेली, असा अधिकृत आकडा आहे. एवढ्या विध्वंसाच्या मानाने तो कमी आहे, आणि त्याचे श्रेय वेळेवर हलवलेल्या लाखो लोकांना जाते. पण खरा आकडा लपवला आहे, शेतमजुरांचे शेकडो मृतदेह गुपचूप हलवले, अशी कुजबुज कित्येक आठवडे चालली. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. ती खोटीच होती, असे मीही मानतो. पण अशी अफवा उभी तरी का राहू शकली? ३६६ विमानांबद्दल अशी अफवा कोणी उठवू शकले नसते. त्या वस्त्यांत वादळाआधी किती माणसे राहत होती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. आधी न मोजलेल्यांतले किती गेले, हे मागाहून कोण खात्रीने सांगणार?

मदतही लवकर पोचली नाही. काउंटीच्या आपत्ती विभागाच्या प्रमुख केट हेल यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पत्रकारांसमोर संतापाने विचारले की, मदतीची फौज आहे तरी कुठे? त्यानंतर सैन्य आले. वीस हजारांहून अधिक जवान, स्वयंपाकाच्या गाड्या, पाण्याच्या टाक्या, तंबूंच्या वस्त्या. लांबच्या तळांवरचे सैनिक होमस्टेडच्या लोकांना जेवण वाढत होते, आणि होमस्टेडचा स्वतःचा तळ मात्र भुईसपाट होऊन पडला होता.

हिशोबाचे वादळ

गावाला आशा होती. निवडणुकीचे वर्ष होते. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तळ पुन्हा उभारण्याचा शब्द दिला. पण शीतयुद्ध संपले होते आणि देशभरातले तळ कमी करण्याचे काम आधीच सुरू झाले होते. नोव्हेंबरात बुश हरले. १९९३ मध्ये संरक्षण खात्याने होमस्टेडचे नाव बंद करायच्या यादीत घातले. त्या यादीची छाननी करणाऱ्या आयोगाने तडजोड केली. राखीव दलाची एक तुकडी इथे ठेवायची, बाकी सगळे बंद.

उडून गेलेली विमाने परत आली नाहीत. तळावरच्या मुख्य लढाऊ दलाच्या दोन तुकड्या जॉर्जिया राज्यातल्या मूडी तळावर राहिल्या, एक दक्षिण कॅरोलिनातल्या शॉ तळावर. दलाचे नाव १९९४ मध्ये इटलीतल्या अव्हियानोला गेले. चार दिवसांच्या कपड्यांनिशी निघालेल्या कुटुंबांची कायमची बदली झाली. त्यांची मुले दुसऱ्या शाळांत गेली. निवृत्त सैनिकांचा दवाखाना आणि कॅन्टीन त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांना बदलीचा हुकूम कोण देणार? गावाने मग नागरी विमानतळाची आशा धरली. पण जागा एव्हरग्लेड्स आणि बिस्केन या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधोमध होती. २००१ मध्ये तोही प्रस्ताव नाकारला गेला. निसर्गाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. गावाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

१९४५ आणि १९९२ शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळा एक मोठे युद्ध नुकतेच संपले होते. दोन्ही वेळा तळ जमाखर्चात जड झाला होता. वादळाने तळ मोडला, पण तो मिटवला हिशोबाने. माणसे हलवण्याच्या तयारीत पायऱ्या होत्या, तास होते, नावे होती. ती माणसे परत आली नाहीत तर मागे राहिलेल्यांचे काय, यासाठी एकही पायरी नव्हती.

टिंडल

मग काही सुधारले की नाही? होमस्टेडनंतर पाव शतकाने फ्लोरिडाच्याच वायव्य किनाऱ्यावर याचे उत्तर मिळाले. रविवार, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘मायकेल’ला नाव मिळाले. बुधवारी, १० तारखेला दुपारी, तासाला सुमारे २५७ किलोमीटर वेगाने ते टिंडल हवाई तळावर आणि शेजारच्या मेक्सिको बीच या छोट्या गावावर धडकले. नाव पडल्यापासून धडकेपर्यंत जेमतेम ७२ तास मिळाले. उतरंडीचे पहिले गृहीतक इथे कसोटीला लागले.

सोमवारी, सरकारी सुटीच्या दिवशी, तळप्रमुख कर्नल ब्रायन लेडलॉ यांनी तळ रिकामा करण्याचा हुकूम दिला. हजारो माणसे निघाली. मागे फक्त ९३ जणांचे पथक राहिले. एफ-२२ ही जगातली अत्यंत महागडी लढाऊ विमाने. त्यांतली उडू शकणारी गेली, नादुरुस्त होती ती हँगरमध्ये राहिली आणि छपरे त्यांच्यावर पडली. तळावर माणूस एकही दगावला नाही. या वेळी तळ बंदही झाला नाही. सुमारे ५ अब्ज डॉलरची पुनर्बांधणी ठरली. २०२३ पासून नवी एफ-३५ विमाने येऊ लागली. जगाचे राजकारण पुन्हा बदलले होते, तळ पुन्हा हवा होता.

दुसरे गृहीतक मात्र जागेवरच आहे. हुकूम निघाला की सैनिक, त्यांचे कुटुंबीय आणि सरकारी नागरी कर्मचारी यांना प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मिळतो. वादळानंतर प्रत्येकाने आपली हजेरी कळवायची असते. न कळवणाऱ्याला शोधले जाते. निवृत्त सैनिकाला हे लागू नाही. दारापलीकडच्या दुकानदाराला, तळावर झाडू मारायला येणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला सहसा नाही. त्यांना कोणी अडवत नाही, पण त्यांच्या नावापुढे कोणी खूणही करत नाही.

यात दुष्टपणा नाही. तळाने आपली माणसे सांभाळावीत हे योग्यच आहे. टिंडलच्या ९३ जणांनी तर स्वतःचा जीव पणाला लावला. पण इतकी वर्षे वाचून माझ्या पदरात एवढेच पडले: वादळाआधी ज्याची मोजदाद झालेली असते, त्याचीच दखल वादळानंतर घेतली जाते. शिस्तीच्या तळाची तयारी आमच्या गावापेक्षा सरस ठरते, ती ट्रकांमुळे किंवा जनरेटरमुळे कमी आणि यादीमुळे जास्त.

‘निसर्ग’नंतर पंचनाम्याला माणसे आली, तेव्हा त्यांनी मला विचारले की, पोफळी किती होत्या, नारळ किती होते. वडिलांच्या हाताखाली वाढलेलो मी, त्या वाडीत रोज जाणारा, आणि मला आकडा सांगता येईना. पडलेली झाडे एकमेकांत गुंतलेली होती, बुंधे मोजणेही कठीण होते. मी अंदाज सांगितला. त्यांनी त्याहून कमी लिहिला. भांडायला माझ्याकडे काय होते?

आता दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मी वही घेऊन वाडीत जातो. पोफळी, नारळ, कोकम, नवी लावलेली रोपे, सगळे लिहितो. गेल्या वर्षीपासून आळीतल्या घरांचीही नोंद ठेवतो. कोण एकटे आहे, कोणाला चालवत नाही, वाडीत कामाला आलेले परगावचे गडी कोणत्या खोपटात आहेत. त्यांतल्या एकाने नाव विचारल्यावर घाबरून मलाच विचारले, “कशाला लिहिताय, काका?” मी म्हटले, वादळाची वही आहे. तो जरा वेळ पाहत राहिला, मग त्याने आपल्या भावाचेही नाव सांगितले.